मातृहृदय आणि आनंदाचा आस्वाद

बक्षीस-समारंभ आटोपून एकाच वर्गांतील तीन विद्यार्थी सायंकाळीं आपापल्या घरीं परतत आहेत, अशी कल्पना करूं. तिघांच्याही हातांत बक्षिसाचें पुस्तक आहे आणि तिघांनाही सारखाच हर्ष झालेला आहे. पहिल्याची आई हातांतलें काम बाजूला ठेवते, पुस्तक उलटून-पालटून पाहते, "नांव पुकारलें तेव्हां तुला कसें वाटलें रे?" असें विचारते, आणि रात्रीं जेवतांना तीच हकीकत वडिलांना पुन्हां सांगावयास लावते. दुसऱ्याची आई हंसते खरी. पण लगेच तिच्या कपाळावर आठी उमटते. "पुढल्या वर्षीं नंबर घसरला तर? आणि हें चारचौघांत सांगत सुटूं नकोस हो!" तिसऱ्याची आई "बरें झालें. पुस्तक फळीवर ठेव आणि हातपाय धू," एवढेंच म्हणून पुन्हां स्वयंपाकाला लागते.

ह्या तिघींपैकीं पहिलीचेंच काय तें मुलावर प्रेम आहे, असें कोणी म्हणेल तर बाकीच्या दोघींवर मोठा अन्याय होईल. दुखण्यांत मुलाच्या उशाशीं रात्र जागून काढण्यांत तिघीही सारख्याच तत्पर असतात. मग सुखाचा क्षण तीन घरांत तीन तऱ्हांनीं कां स्वीकारला जातो? ह्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपणांस त्या मातांच्या स्वतःच्या बालपणापर्यंत मागें जावें लागतें.

ह्या विषयाचा पाया डॉ. जॉन बोल्बी (१९०७–१९९०) ह्या इंग्लिश मनोवैद्यांनीं घातला. तत्कालीन सुखवस्तु इंग्लिश कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणें त्यांचें संगोपन दाईच्या हातीं होतें; आईची भेट दिवसाकांठीं तासभर होई. ज्या दाईवर त्यांचा जीव जडला होता, ती ते चार वर्षांचे असतां घर सोडून गेली. पुढें १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, बालकाला अन्नवस्त्राइतकीच एका मायेच्या माणसाच्या अखंड सहवासाची गरज असते. "मी हांक मारली तर कोणी येईल काय?" ह्या प्रश्नाचें जें उत्तर बालकास वारंवार मिळतें, त्यावरून तें जगाविषयीं आपला अंदाज बांधतें, आणि हा अंदाज मोठेपणींही मनांतून सहसा जात नाहीं. ह्या नात्यास आपण 'स्नेहबंध' म्हणूं.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) ह्यांनीं ह्या कल्पनेस प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार दिला. १९५४-५५ सालीं त्यांनीं आफ्रिकेंतील युगांडा देशांत, कंपाला नगराजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांत जाऊन माता आणि अर्भकें ह्यांचें निरीक्षण केलें. त्यांस असें दिसून आलें कीं, ज्या माता आपल्या बाळाविषयीं बारीकसारीक गोष्टी आपण होऊन भरभरून सांगत, त्या बाळाच्या खाणाखुणाही चटकन् ओळखीत, आणि अशा मातांचीं बाळें बहुधा निश्चिंत असत. शिवाय बाळास पाजण्यांत ज्या मातांना स्वतःला आनंद वाटे, त्यांच्या बाळांतही ही निश्चिंतता अधिक आढळली. म्हणजे मातेचा आनंद ही केवळ तिची खाजगी बाब नसून बाळाच्या निश्चिंततेशीं तिचा संबंध आहे, ही गोष्ट ह्या विषयाच्या अगदीं आरंभींच नजरेस आली होती.

पुढें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं त्यांनीं एक साधी परीक्षा योजिली. वर्ष-दीड वर्षाच्या मुलास आईसह खेळणीं मांडलेल्या अनोळखी खोलींत आणावयाचें, मध्यें आईनें थोडा वेळ बाहेर जावयाचें आणि पुन्हां परत यावयाचें. हा सारा प्रकार सुमारें वीस मिनिटांचा. आई गेली असतां मूल रडतें कीं नाहीं, ह्यापेक्षां ती परत आली असतां तें काय करतें, ह्याकडे एन्सवर्थ ह्यांचें विशेष लक्ष असे. कांहीं मुलें तिला बिलगून शांत होत आणि पुन्हां खेळूं लागत, तीं निःशंक. कांहीं बिलगत, पण त्यांचें रडें थांबत नसे आणि रागही जात नसे; तीं साशंक. कांहीं तोंड फिरवून खेळण्यांतच डोकें घालीत, तीं अलिप्त. ह्या संशोधनाचा ग्रंथ १९७८ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां आपल्या तीन मातांकडे पुन्हां वळूं. हींच तीन वळणें प्रौढ माणसांतही आढळतात. जिचें मन निःशंक आहे, ती सुखाच्या क्षणीं खुशाल थांबूं शकते. साशंक मनास आनंद हा उसना आणलेला दागिना वाटतो. तो केव्हां परत मागितला जाईल ह्याच विवंचनेंत तो अंगावर घालण्याचें सुख निघून जातें. अलिप्त मनानें लहानपणींच ओळखलेलें असतें कीं, भावना दाखवून कोणी जवळ येत नाहीं. म्हणून तें भावनेस आवर घालावयास शिकतें. परंतु दुःख बाहेर ठेवण्यासाठीं लावलेल्या दारानें आनंदही बाहेरच राहतो. अलीकडील पाहण्यांतही साशंक आणि अलिप्त वृत्तीच्या व्यक्तींना सुखद प्रसंगाचा आस्वाद घेणें अधिक अवघड जातें, असेंच आढळलें आहे. अर्थात् कोणतेंही माणूस एकाच सांच्यांत तंतोतंत बसत नाहीं. एकाच आईच्या ठायीं तिन्ही छटा कमीअधिक असूं शकतात. शिवाय थकवा, दारिद्र्य आणि आजार ह्यांचा भारही मनावर असतोच.

'आस्वाद' हा शब्द येथें मुद्दाम योजिला आहे. फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००७ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, सुख प्राप्त होणें निराळें आणि त्याचा आस्वाद घेणें निराळें. आस्वादाचे काळही तीन: येणाऱ्या सुखाची वाट पाहणें, आलेल्या सुखांत रमणें आणि गेलेलें सुख आठवणें. मूल ही कला घरींच शिकतें. ज्याची सुवार्ता कोणी निवांतपणें ऐकून घेतली, तें आपल्या आनंदास आनंद म्हणावयास शिकतें. ज्याच्या सुवार्तेवर दरवेळीं विरजण पडलें, तें ती सांगावयाचेंच सोडून देतें.

मग आईच्या बालपणींचें उणें मुलाच्या वांट्यास येणें अटळच आहे काय? तसें नाहीं. मेरी मेन ह्या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत मातापित्यांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाविषयीं सविस्तर प्रश्न विचारले. तेव्हां असें आढळलें कीं, बालपण सुखाचें होतें कीं दुःखाचें, ह्यापेक्षां तें आज किती सरळपणें व सुसंगतपणें सांगतां येतें, ह्यास महत्त्व अधिक. दुःख भोगूनही तें समजून घेतलेल्या मातांचीं मुलें निःशंक असूं शकतात. कॅलिफोर्नियांतील जेसिका बोरेली ह्यांनीं तर ह्या आस्वादाचा एक पाठच तयार केला आहे: मुलाशीं जवळीक वाटलेला एखादा क्षण आठवावयाचा, त्या वेळचा प्रकाश, आवाज, स्पर्श मनांत पुन्हां आणावयाचा, आणि त्याचा अर्थ काय ह्याचा विचार करीत थोडा वेळ तेथेंच थांबावयाचें. ह्यास पैसा लागत नाहीं. उसंत तेवढी लागते.

लूकच्या शुभवर्तमानांत मेंढपाळ बाळ येशूविषयीं ऐकलेलें वृत्त सांगतात, आणि सारे लोक आश्चर्य करीत असतां मरीया मात्र त्या गोष्टी आपल्या अंतःकरणांत जपून ठेवते. गोठ्यांतल्या त्या बिकट रात्रींही एका मातेनें सुखाचा क्षण जपला, ही गोष्ट चिंतनीय आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपण घरीं नेलेली सुवार्ता आईनें दोन शब्दांत संपविली, तर तिला निष्ठुर समजूं नका. तिच्या लहानपणीं तिची सुवार्ता ऐकावयास कोणी थांबलें होतें कीं नाहीं, हें आपणांस कोठें ठाऊक आहे? काम आटोपून ती क्षणभर बसली म्हणजे तिच्याजवळ जाऊन बसा, आणि तिलाच विचारा: "आई, तूं माझ्याएवढी असतांना तुला सर्वांत अधिक आनंद केव्हां झाला होता?" आणि मग तिचें उत्तर पुरतें होईपर्यंत उठूं नका.