कागद फाडू नका

कवी माणसाच्या घरात रद्दी जरा जास्तच असते. न जमलेल्या कवितांची तर असतेच असते. माझी एक जुनी सवय होती. कविता फसली की तो कागद बारीक बारीक फाडून बादलीत टाकायचा. उगाच कुणाच्या दृष्टीला पडायला नको! आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी एके दिवशी मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, "चाचा, कागद फाडू नका. सबंध ठेवत जा. तुकड्यांना भाव येत नाही."

तीस-पस्तीस वर्षं लिहितोय, पण माझ्या कागदाला भाव असतो हे मला प्रथमच कळलं! हसण्यावारी नेलं खरं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी ज्याला कचरा म्हणतो, त्यात या बाईंची मजुरी असते. आणि ती मजुरी माझ्या हाताच्या एका चाळ्याने कमी होते.

पुणेकरांना दाराशी येऊन सुका कचरा नेणारी माणसं नवी नाहीत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण होती. तराजू घेऊन फिरणारा रद्दीवाला होता. वाण्याच्या पुड्या तर कालच्याच वर्तमानपत्राच्या असत. पण तेव्हा आपण निवडून, मोजून, घासाघीस करून वस्तू देत होतो. उरलेलं कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत जायचं. तिथं काठी आणि पोतं घेऊन बायका वाकलेल्या दिसायच्या. बहुतेक दलित समाजातल्या. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून शहरात आलेल्याही त्यांत पुष्कळ. चोर समजून पोलीस हटकायचे, कुत्री अंगावर यायची. आपण नाकाला रुमाल लावून पुढे जायचो. मीही गेलो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांपर्यंत पोचल्या. काम साक्षरतेचं होतं. पण बायकांबरोबर उकिरड्यावर फिरल्यावर एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सगळं एकत्र करून कुंडीत टाकायचं आणि मग दुसऱ्याने ते उपसून वेगळं करायचं, हा उलटा कारभार कशासाठी? घरातच वेगळं केलं तर? कोरेगाव पार्क भागात काही बायका घरोघर जाऊन वेगळा केलेला कचरा नेऊ लागल्या. थोड्याच दिवसांत एक उद्योजक गाडी घेऊन तिथं हजर झाला! कचऱ्यात पैसा आहे हे दिसलं की कचऱ्याला मालक फुटतात. बायकांनी विरोध केला. पुढे मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली. आठशेवर माणसं जमली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नावातच सगळा धंदा आला.

पंचायतीने पहिल्यांदा मागितलं ते ओळखपत्र. महापालिकेची मान्यता असलेलं ते कार्ड नव्वदीच्या मध्यावर मिळालं. पुण्याच्या या बायका देशात त्या बाबतीत पहिल्या. २००० साली केंद्राचे कचऱ्याचे नियम आले. घरोघर जाऊन कचरा गोळा करणं आणि ओला-सुका वेगळा ठेवणं त्यांनी बंधनकारक केलं. म्हणजे कुंडीच जाणार. मग कुंडीवर जगणाऱ्यांचं काय? त्याचं उत्तर म्हणून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. रचना सोपी आहे. घरटी दरमहा ठरावीक शुल्क बाईंना द्यायचं, ओला कचरा त्या महापालिकेच्या गाडीपर्यंत पोचवणार आणि सुक्या कचऱ्यातलं विकण्याजोगं त्या विकणार. शुल्क आणि भंगार, या दोन पायांवर त्यांचा संसार उभा.

आता हा दुसरा पाय नीट पाहू. भंगारच्या दुकानात प्रत्येक जिनसाचा ढीग निराळा आणि भाव निराळा. वर्तमानपत्र, वह्या-पुस्तकं, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लॅस्टिक, पत्रा, काच. तांबं-ॲल्युमिनियम मिळालं तर दिवस सोन्याचा. पण ते आपण फेकतो कुठं! काच वजनाला भारी, पैशाला हलकी आणि हाताला धोक्याची. पुठ्ठ्यावर आमटीचं पाणी सांडलं की तो गेला. दुधाची पिशवी चांगल्या भावाची. पण आपण कोपरा कापतो आणि तो चिमुकला तुकडा कुणालाच वेचता येत नाही. पिशवीला चीर द्यावी, कोपरा लोंबताच ठेवावा, नंतर खळबळून टाकावी. पाव मिनिटाचं काम. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटत नाहीत, म्हणून त्यांना सहसा गिऱ्हाईकच नसतं. ती वाहून नेण्याची मेहनत मात्र बाईंची.

दुकानातून माल मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्यात जातो. पुठ्ठ्याचा पुन्हा पुठ्ठा होतो, पाण्याच्या बाटलीचा चुरा होऊन त्याचा धागा निघतो. तुमच्या-माझ्या अंगावरच्या एखाद्या शर्टात अशी बाटली असायचीही. बाजार पडला की सर्वांत आधी मार बसतो तो वेचणाऱ्या हाताला, कारण त्या हाताच्या खाली कुणी नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला आपण लाजतो. सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर. उघडेच, इतर कचऱ्यात कोंबलेले. ते निवडतं कोण? हातच. २०१३ साली या बायकांनी वापरलेले पॅड आणि डायपर गोळा करून थेट ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे पाठवून दिले. घ्या, तुमचा माल आहे! कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही साधी युक्तीही त्यांनीच घरोघर सांगितली. २०१६च्या नियमांत तर अशा मालाबरोबर गुंडाळायची पिशवी कंपन्यांनी द्यावी, असं लिहिलं गेलं. आमच्या घरी लाल पेन आता फ्रिजवर असतो. कवितेसाठी लागला तर शोधावा लागत नाही.

असं सगळं असताना आमच्या सोसायटीच्या सभेत एक प्रस्ताव आला. एक ठेकेदार गाडी पाठवणार. शुल्क कमी, वेगळं करण्याची कटकट नाही, सगळं एकत्र द्या. टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही बरं वाटलं. मग मी कैरोची गोष्ट सांगितली. इजिप्तच्या त्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचा कचरा नेणारे लोक आहेत, त्यांना 'जब्बालीन' म्हणतात. २००३ साली तिथल्या सरकारने परदेशी कंपन्यांना पंधरा वर्षांचे ठेके दिले. कंपन्यांनी रस्त्यावर पेट्या ठेवल्या. लोकांना जिने उतरून जायची सवय नव्हती. पेट्या भरून वाहू लागल्या आणि पुष्कळ घरांनी कंपनीचे पैसे भरून शिवाय जुन्याच माणसांना बोलावलं. पुन्हा उपयोगात आणायची अट कंपन्यांवर होती ती फक्त २० टक्क्यांची. एकत्र झालेल्या कचऱ्यातून तेवढं तरी कसं निघणार?

कैरो लांब आहे, असं कुणीतरी म्हणालं. बरोबर. उरुळी देवाची आणि फुरसुंगी जवळ आहेत. आपला कचरा वर्षानुवर्षं तिथं पडला, विहिरींचं पाणी बिघडलं, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. एकत्र दिलेला कचरा कुठंतरी जाऊन पडतोच. आपल्या जिन्यात दिसत नाही, इतकंच.

सभा लांबली. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "कचरा आमचा, कुणाला द्यायचा ते आम्ही ठरवू." मुद्दा कायद्याने तपासण्यासारखा आहे. मी एवढंच विचारलं, की सकाळी बादली दाराबाहेर ठेवेपर्यंत आपल्याला तो आपला वाटत होता का? त्यावर उत्तर मिळालं नाही. चहा आला.

शेवटी बाईच राहिल्या. त्यांनीही एक अट घातली. एकत्र केलेली बादली उचलणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी महिन्यातून दोन-तीनदा भरलेली बादली तशीच राहते आणि संध्याकाळी त्या घरातलं कुणीतरी हातमोजे घालून बसलेलं दिसतं.