आकार जुळला, पुढे काय?

स्प्रिंगला जोडलेल्या गाडीची अवस्था दोन संख्यांत मांडू : स्थान व वेग. तिला लावलेले बल एक. मोजायचे स्थानही एकच. १९६० च्या सुमारास रुडॉल्फ कालमन यांनी पुढे आणलेली मांडणी अशी :

अवस्था बदलण्याचा दर = अ × अवस्था + ब × बल
मोजमाप = क × अवस्था

दोन संख्यांपासून दोनच हव्यात, म्हणून अ २×२. एका बलापासून दोन हव्यात, म्हणून ब २×१. दोहोंतून एक हवी, म्हणून क १×२. ब चुकून १×२ लिहिला तर बेरीजच अडते.

मात्र अ च्या ओळी व स्तंभ यांची अदलाबदल झाली, तर आकार २×२ च राहतो आणि चूक लपते. म्हणून एककेही तपासू या. पहिल्या ओळीतून वेग आणि दुसरीतून त्वरण मिळालेच पाहिजे.