गुरुवारी अंकल कुठे जायचे?

लोकलच्या गर्दीत इअरफोन लावायलाही हात मोकळा नसतो, अशांसाठी या एपिसोडचं हे लिखित रूप.

आज एका माणसाबद्दल बोलायचंय. आमच्या बदलापूरमधले एक अंकल. नाव सांगणार नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. का, ते पुढे कळेलच. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. बायको, दोन मुलं, रविवारी न चुकता मिस्सा, संध्याकाळी घरात रोझरी. दोन महिन्यांपूर्वी ते गेले.

माझी आणि त्यांची ओळख २००५ ची. २६ जुलैला उल्हास नदी बदलापुरात शिरली, तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहायचो. मी चौथीत होतो. गाद्या, धान्य, माझी पुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला. दोनेक आठवड्यांनी दारात दोन माणसं उभी. एकाच्या गळ्यात क्रूस. आईने सेफ्टी डोअर उघडलंच नाही. "आम्हाला काही नको," म्हणाली. तिला वाटलं, हे धर्म बदलायला आलेत. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं. अंकल म्हणाले, "ठीक आहे ताई," आणि गेले.

पुढच्या गुरुवारी पुन्हा आले. यावेळी हातात काहीच नव्हतं. फक्त विचारलं, "पोराची पुस्तकं आहेत का?" आई गप्प. मी आतून ओरडलो, "नाहीत!" त्याच्या पुढच्या गुरुवारी पुस्तकं, वह्या आणि तांदूळ आले. आईने दार उघडलं. चहा झाला. ते तासभर बसले, बाबांच्या कामाची चौकशी केली, गेले. देवाबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरच्या वीस वर्षांतही नाही.

त्यांच्या आठवणीच्या मिस्सेला मी चर्चमध्ये गेलो होतो. बाहेर त्यांच्या मुलाला विचारलं, "अंकल कोणत्या संस्थेत होते रे?" तो म्हणाला, "एसव्हीपी. पण गुरुवारी कोणाच्या घरी जायचे, ते आम्हालाही कधी सांगितलं नाही." आंटी हसून म्हणाल्या, "रविवार आमचा, गुरुवार त्याचा."

एसव्हीपी म्हणजे काय?

सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट द पॉल. सोसायटी म्हटलं की आपल्याला मेंटेनन्स आणि पार्किंगची भांडणं आठवतात, पण ही वेगळी. नाव सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच संताचं. सुरू मात्र केली ती कॉलेजच्या पोरांनी.

तुमच्या मोबाइलच्या चार्जरवर बघा, 'अँपिअर' हे एकक दिसेल. ते ज्या शास्त्रज्ञाच्या नावावरून आलं, त्या आंद्रे-मारी अँपिअरच्या पॅरिसमधल्या घरी एक पोरगा राहायचा. फ्रेडरिक ओझानाम. जन्म १८१३ चा, मिलानमधला. वाढला फ्रान्समधल्या लियाँ शहरात. वडील डॉक्टर. १८३१ मध्ये तो कायदा शिकायला पॅरिसला आला आणि पुढच्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची साथ आली. माणसं हजारोंनी गेली.

ओझानाम आणि त्याचे मित्र वादविवाद मंडळ चालवायचे. धर्म मोठा की विचार मोठा, असले विषय. एकदा समोरच्या बाजूने कोणीतरी सरळ टोचलं: तुमच्या धर्माने पूर्वी खूप केलं असेल, पण आज तुम्ही स्वतः काय करताय? आपण कमेंटमध्ये भांडलो असतो. यांनी भांडण सोडलं आणि उठून कामाला लागले. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, मोजकी पोरं इमॅन्युएल बायी नावाच्या एका वडीलधाऱ्या संपादकासोबत बसली आणि पहिली बैठक झाली.

पण गरीब घरात जायचं कसं, हेच त्यांना माहीत नव्हतं. ते शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. पॅरिसच्या गरीब वस्तीत त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांनी पोरांना घरं दाखवली, सोबत पाव आणि कोळशाची कुपनं दिली.

काम चालतं कसं?

एका चर्चच्या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. सभासद नियमित भेटतात, प्रार्थना करतात, कोणत्या घराला काय हवंय ते ठरवतात. मग बहुतेक वेळा जोडीने घरी जातात. लायनीत उभं करून वाटप नाही, स्टेजवर बोलावून फोटो नाही. घरी गेलं की कळतं, तांदळापेक्षा औषधं जास्त गरजेची आहेत, किंवा नुसतं कोणीतरी ऐकून घ्यायला हवंय.

बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येक जण त्यात मूठ घालतो. कोणी किती टाकले, कोणाला कळत नाही. एखाद्याची मूठ रिकामी असली तरी चालतं. तसंच कोणाच्या घरी गेलो, हेही बाहेर सांगायचं नाही. मदत करताना धर्म बघायचा नाही, हा तर नियमच.

आता कळलं ना, अंकलचं नाव मी का घेतलं नाही? ज्यांनी वीस वर्षं आमचं नाव बाहेर काढलं नाही, त्यांचं मी कसं काढू?

संन्यासी नव्हता

ओझानाम काही साधू नव्हता. १८४१ मध्ये त्याने अमेली सुलाक्रोआशी लग्न केलं, १८४५ मध्ये मुलगी मारी झाली. तो सोरबोनमध्ये प्राध्यापक होता. म्हणजे नोकरी, संसार, पेपर तपासणं, आणि त्यातून हे. लग्न २३ तारखेचं, म्हणून दर महिन्याच्या २३ ला तो बायकोला फुलं द्यायचा, असं सांगतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नुसत्या दानाने भागत नाही, हे त्याला कळत होतं. मजुरांना नीट मजुरी मिळायला हवी, असं तो शिकवायचा. १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी निवडणुकीलाही उभा राहिला. हरला. ८ सप्टेंबर १८५३ रोजी मार्सेमध्ये गेला, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये त्याला 'धन्य' घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी. त्या दिवसांत जगभरची तरुण पोरं जागतिक युवा दिनासाठी पॅरिसमध्येच जमली होती. आज ही सोसायटी सुमारे १५० देशांत आहे.

मग आपण काय करायचं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. आपल्या पट्ट्यात पूर काही नवीन नाही. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा आसपासचे गावकरीही मदतीला धावले. अशा वेळी आपण धावतोच. कठीण असतं ते पाणी ओसरल्यावर, कॅमेरे गेल्यावर, तिसऱ्या गुरुवारी पुन्हा त्याच दारात जाणं. तेही पहिल्या गुरुवारी दार उघडलं नसताना.

मिस्सेहून घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी मी दार उघडायला हवं होतं रे."

मी म्हटलं, "त्यांनी कधी मनावर घेतलं नाही."

"म्हणूनच," आई म्हणाली.

गेल्या गुरुवारी ती खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेली होती. कशाला, ते मी विचारलं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.