पंखांतील पाणी

गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना दुकानातला नवा पोऱ्यादेखील दोन छिद्रे पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे छिद्र नसेल तर तेल गचके खात येते, हे आपल्या पेढ्यांवर कोणाला शिकवावे लागत नाही. आकाशात मात्र याच साध्या नियमावर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो.

ग्लायडर म्हणजे इंजिनाविना उडणारे विमान. पुण्याजवळ हडपसर येथे ग्लायडिंग केंद्र आहे. विंचच्या दोराने ग्लायडर वर खेचतात. पुढे आधार तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेचा. वैशाखातल्या दुपारी सांगलीवर पंख न हलवता घिरट्या घालणाऱ्या घारी याच हवेवर चढत असतात. शिकाऊ ग्लायडरमध्ये सहसा पाणी नसते. शर्यतीच्या ग्लायडरच्या पंखांत मात्र टाक्या असतात आणि त्यांत दीडशे-दोनशे लिटर पाणी भरतात.

उडायचे तर ओझे कशासाठी? हिशेब असा आहे. चांगले ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून सुमारे चाळीस किलोमीटर तरंगत जाते, म्हणजे सरळ रेषेत जवळजवळ सांगलीहून कोल्हापूर. वजन वाढले तरी हे अंतर साधारण तेवढेच राहते, वेग तेवढा वाढतो. ३५० किलोचे वजन ५२५ किलो केले, तर ताशी १०० ऐवजी सुमारे १२२ किलोमीटर वेगाने तेच अंतर कापता येते. याची किंमत चढताना द्यावी लागते, कारण जड ग्लायडर सावकाश चढते. उष्ण हवा जोरात आहे तोवर पाणी नफ्याचे; ती मंदावली की तेच पाणी तोट्याचे. मग झडपा उघडून ते सोडून द्यायचे. उतरण्यापूर्वी तर टाक्या रिकाम्या करायच्याच, आणि त्याला काही मिनिटे लागतात हे ध्यानात ठेवायचे.

येथे ते दुसरे छिद्र महत्त्वाचे ठरते. टाकीचे हवाछिद्र चिकटपट्टीने वा मातीने बुजले असेल, तर नळाच्या जोराने पाणी भरताना पंख आतून फुगून फुटू शकतो. पाणी सोडताना हवा आत न गेल्यास धार अडखळते. एका पंखाची टाकी रिकामी झाली आणि दुसरीत साठ-सत्तर किलो पाणी राहिले, तर उतरताना वेग कमी होताच जड बाजूचा पंख खाली जातो. म्हणून जाणता वैमानिक दोन्ही बाजूंच्या धारा पाहतो. एक अडली तर दुसरीही बंद करतो आणि समतोल राखून, जास्त वेगाने, जपून उतरतो. हवाछिद्रांची तपासणी तो जमिनीवर असतानाच करतो.

बँकेत कर्जाच्या फायली पाहण्यात माझी उमेद गेली. माल, उधारी, जागा जमविण्याचा उत्साह सर्वांपाशी असे. मंदी येण्याआधी ते मोकळे करण्याची वाट उघडी आहे ना, हे पाहून ठेवणारे थोडे. आणि संकटातून सावरलेले बहुधा तेच होते.