बी.एस्सी.चा विषय : ताग्याप्रमाणे पारखून घ्या

बारावीचा निकाल लागला की अलिबागेतील आमच्या कापड दुकानात शेजारचे व्यापारी बंधू विचारायला येतात, "मुलाला बी.एस्सी.ला घालायचे आहे, विषय कोणता घ्यावा?" आमचे शिक्षण उर्दू शाळेत, तेही दहावीपर्यंतच. तरी नुकसान सोसून जे कळले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही रंगीत सुती कापडाचा मोठा माल उचलला. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि गिऱ्हाइके परत आली. रसायनशास्त्र शिकलेल्या एका ओळखीच्या तरुणाने कारण सांगितले. डायरेक्ट रंग धाग्याला नुसता धरून राहतो, रिअॅक्टिव्ह रंगाचा धाग्याशी रासायनिक बंध होतो. आयुष्य कापडात गेले, पण हे आम्हाला ठाऊक नव्हते. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रसायन तंत्रज्ञान विभाग (आजची आय.सी.टी.) काढला, तेव्हा सुरुवातीपासून तेथे कापड-रसायन शिकवले जाई, ते उगाच नव्हे.

मग सर्वांनी रसायनशास्त्रच घ्यावे काय? थळला आर.सी.एफ.चा खत कारखाना असल्याने इकडे पुष्कळ बाप तेच म्हणतात. परंतु याच गावात १९०४ पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून हे काम येथे आणले गेले. असल्या कामाला भौतिकशास्त्र आणि गणित लागते.

आमची धाकटी मुलगी भौतिकशास्त्र म्हणाली तेव्हा आम्हीही अडून बसलो होतो. "दुकानाला काय उपयोग?" असे विचारले. ती म्हणाली, "अब्बा, शिकायचे मला आहे." रात्री तिच्या वह्या पाहिल्या. समजले काहीच नाही, पण एकही पान कोरे नव्हते. सकाळी अर्जावर सही केली.

तेव्हा बंधूंनो, तीन गोष्टी विचारा. मूल प्रयोगशाळेत कोठे रमते? तो विषय त्या कॉलेजात शेवटच्या वर्षापर्यंत आहे काय? पुढची वाट कोणती? आय.आय.टी.त एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा असते, तिची माहिती पहिल्याच वर्षी घ्यावी. नव्या धोरणात मुख्य विषयासोबत दुय्यम विषयही घेता येतो. गणित जमत असेल तर ते घाईने सोडू देऊ नका.

तागा घेताना आपण तो उलगडून, उजेडात धरून पाहतो. मुलाची तीन-चार वर्षे त्याहून महाग आहेत.