चौकोनी कागदाचे सोबती

काही कला अशा असतात, की त्या शब्दांत सांगू गेले तर निसटून जातात. कागदाची घडी ही त्यांतलीच एक होय. पोहणे किंवा गाणे यांविषयी पुष्कळ बोलता येते. पण चौकोनी कागदाचा पेला कसा होतो हे चित्रावाचून नुसते ऐकवून पाहावे, म्हणजे अडचण ध्यानात येते. कागदाची समोरासमोरची दोन टोके जुळवून त्रिकोण करावा. घडीची लांब बाजू तळाशी ठेवावी. डावे टोक उजव्या तिरप्या कडेवर असे आणावे, की दुमडलेल्या भागाची वरची कड तळाशी समांतर राहील. मग उजवे टोक त्याच रीतीने डाव्या कडेवर आणावे. वर दोन पाकळ्या सुट्या राहतात. पुढची पुढे वळवून तिथल्या खिशात खोचावी, मागची मागे दुमडावी. दोन्ही अंगांनी जरासे दाबले की पेल्याचे तोंड उघडते, आणि त्यातून घोटभर पाणी खुशाल पिता येते. एवढे सांगूनही ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांचा पेला कुठे तरी चुकलेलाच असणार. शेजारी बसून कोणी एकदा करून दाखविला असता, तर तो अर्ध्या मिनिटात साधला असता.

कागद दुमडणाऱ्या छंदी लोकांचा स्वभाव या अडचणीतूनच घडला आहे. हा छंद पुस्तकापेक्षा शेजाऱ्याकडून अधिक मिळतो. म्हणून ही मंडळी जेव्हा एकत्र जमतात, तेव्हा ओळख करून देण्याची त्यांची रीतही वेगळी असते. नाव, गाव, नोकरी हे सारे मागाहून येते. आधी खिशातून कागद निघतो. नवखा मनुष्य संकोचाने सांगतो, की आपल्याला एक होडीच काय ती येते. तीच करून दाखवा, असे त्याला म्हणतात. आणि पुष्कळदा असे दिसते, की त्याची होडी इतरांच्या होडीहून एखाद्या घडीने निराळी आहे. ती त्याला आजोबांनी शिकविलेली असते, आणि आजोबांना कोणी शिकविली हे त्याला ठाऊक नसते. जमलेल्यांना त्या निराळ्या घडीचे मोल फार वाटते.

मराठी घरांत अशा घडींची शिदोरी लहान नाही. पावसाळ्यात ओहोळात सोडावयाची होडी, वर्तमानपत्राची टोपी, उडी मारणारा बेडूक, भिरभिरे, दिवाळीच्या आकाशकंदिलाला चिकटवावयाच्या कागदी करंज्या, या साऱ्या गोष्टी मुलांनी मोठ्यांच्या मांडीशी बसून उचलल्या. होळकरांच्या काळापासून इंदुरात वस्तीला आलेल्या मराठी कुटुंबांनी भाषा जशी आणली, तशी ही शिदोरीही बरोबर आणली. आणि इंदुरात तिला एक थोर जोड मिळाली, ती दुकानदाराच्या पुडीची.

पुडी हा शब्द उच्चारला म्हणजे कलेचे नाव कोणाला आठवत नाही. पण सराफ्यात किंवा राजवाड्याच्या आसपास पूर्वी सेव तोलून देणाऱ्या दुकानदाराचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. डिंक नाही, दोरा नाही, टाचणी नाही; रद्दीच्या कागदाचे दोन-तीन फटकारे, एक टोक दुसऱ्यात खोचलेले, आणि पुडी घरी जाईपर्यंत सुटत नसे. पोह्यांवर भुरभुरावयाच्या जिरावणाची पुडी निराळी, सेवेची निराळी, वैद्याच्या चूर्णाची त्याहून निराळी. चूर्ण बारीक असल्यामुळे कोपऱ्यातून सांडू नये म्हणून तिची कड दुहेरी वळवीत. पदार्थ कसा आहे, त्यावर घडी ठरे. जपानी भाषेत या विद्येला ओरिगामी म्हणतात. ओरी म्हणजे दुमडणे आणि कामी म्हणजे कागद. दुकानदाराने हे नाव कधी ऐकले नसेल, परंतु कातर आणि डिंक यांवाचून कागदाच्या एका तुकड्यातून हवी ती वस्तू उभी करावयाची, हा त्या विद्येचा पहिला नियम तो रोज शेकडो वेळा पाळीत असे.

घडीकडे गंभीरपणे पाहणाऱ्यांत एका भारतीयाचे नाव जगभर घेतले जाते. मद्रासेकडचे टी. सुंदर राव हे सरकारी महसूल खात्यातले अधिकारी. बालोद्यानांत मुलांना देण्याच्या साहित्यात रंगीत चौकोनी कागदांचा एक संच असे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याच्या पद्धतीतून तो आलेला होता. तो पाहून राव यांच्या मनात आले, की ज्या कागदाने मुले खेळतात त्यानेच भूमिती शिकविता येईल. १८९३ साली मद्रासेत त्यांचे पुस्तक निघाले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन याने १८९५ साली आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला, आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती प्रसिद्ध झाली. कचेरीच्या कामातून वेळ काढून एका हौशी माणसाने केलेला हा उद्योग होता.

राव यांच्या मार्गाची गोडी कळावी म्हणून एकच उदाहरण पुरे. चौकोनी कागद उभा मध्यावर दुमडून उलगडावा, म्हणजे मधोमध एक रेघ उमटते. आता खालचा डावा कोपरा उचलून त्या मधल्या रेघेवर टेकवावा. मात्र दुमड खालच्या उजव्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. जिथे कोपरा टेकला तिथे खूण करावी. ती खूण मधल्या रेघेवर असल्यामुळे खालच्या दोन्ही कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर असते. आणि डावा कोपराच तिथे येऊन बसला असल्यामुळे उजव्या कोपऱ्यापासूनचे तिचे अंतर कागदाच्या बाजूएवढे भरते. तिन्ही बाजू समान, म्हणून प्रत्येक कोन साठ अंशांचा. कंपास नाही की कोनमापक नाही. एवढेच काय, पट्टी आणि कंपास यांनी कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत हे १८३७ साली सिद्ध झालेले असताना, कागद दुमडून मात्र ते करता येतात! १९८० मध्ये हिसाशी आबे या जपानी गृहस्थाने त्याची रीत दाखविली.

घडी लिहून ठेवता यावी, ही सोय मात्र फार उशिरा झाली. तिचे बरेचसे श्रेय अकिरा योशिझावा यांना आहे. तरुणपणी ते कारखान्यात काम करीत, आणि तिथल्या शिकाऊ मुलांना भूमिती समजावी म्हणून कागद दुमडून दाखवीत. पुढे नोकरी सोडून त्यांनी पुष्कळ वर्षे हलाखीत काढली, पण कागद सोडला नाही. १९५४ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यात आत वळणाऱ्या घडीला एका प्रकारची तुटक रेघ, बाहेर वळणाऱ्या घडीला दुसऱ्या प्रकारची आणि दिशा दाखविण्यास बाण, अशी चिन्हे त्यांनी ठरविली. संगीताला जशी स्वरलिपी, तशी ही घडीची लिपी. जपानी अक्षर न वाचणाऱ्यालाही ती वाचता येते. त्यानंतर जगातले विखुरलेले छंदी एकमेकांना सापडू लागले. १९५८ मध्ये लिलियन ओपनहायमर यांनी न्यूयॉर्कला त्यांच्यासाठी केंद्र उघडले, १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांची संस्था निघाली. स्पेनचे थोर लेखक मिगेल दे उनामुनो यांना तर ही लिपी मिळालीच नाही. त्यांनी १९०२ सालीच कागदी पक्ष्यांवर अर्धे थट्टेचे, अर्धे मनापासूनचे एक शास्त्र लिहून टाकले होते. पुढे विद्वानांनीही हा खेळ उचलला. कोर्यो मिउरा यांनी शोधलेल्या घडीने मिटलेले सौर फलक १९९५ साली जपानच्या उपग्रहावर अंतराळात उलगडले.

इकडे मध्य प्रदेशातही या खेळाला चांगले दिवस आले होते. नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली खेड्यांतल्या शाळांसाठी विज्ञान शिकविण्याचा एक प्रयोग सुरू झाला. महागडी उपकरणे न घेता हाताशी असेल त्यातून विज्ञान शिकवावयाचे, हे त्याचे सूत्र होते. अरविंद गुप्ता हे अभियंते त्या प्रयोगात गेले, आणि आगपेटीच्या काड्या, सायकलची रबरी नळी व रद्दीचा कागद यांतून खेळणी करण्याचे त्यांचे आयुष्यभराचे काम तिथून उभे राहिले. पुढे पुण्याला आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे मुलांना कागदी टोप्या आणि पंख हलविणारा पक्षी शिकविला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खुद्द इंदुरात शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली बाल निकेतन संघ स्थापून बालशिक्षणाचा पाया घातला होता. लहान मुलाचे हात हे त्याच्या बुद्धीचे दार आहे, हा विचार या शहराला नवा नाही.

तरीही छंदी मंडळींच्या मनात एक रुखरुख आहे, आणि ती खरी आहे. जपानातला बगळा आज कोणत्याही देशात चिन्हांवरून करता येतो. इंदूरच्या दुकानदाराची पुडी कुठेही चितारलेली आढळत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीने मागे हटविली. पुढे, छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली सांगितले, आणि त्यात वावगे काहीच नाही. २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या पुष्कळ वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हा कागद पुन्हा दुकानात आला खरा. पण तो चिकटवलेल्या तयार पिशवीच्या रूपाने आला, हाताच्या घडीच्या रूपाने नव्हे. ज्यांच्या बोटांत ती घडी आहे अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांना विचारले तर ती हसून म्हणतात, त्यात काय शिकावयाचे आहे! आणि सावकाश करून दाखवा म्हटले, की त्यांनाच ती अडते. कारण बोटांना ती वेगातच ठाऊक असते.

म्हणून काही छंदी आता उलट रीतीने काम करतात. घडी पाहून घेण्याऐवजी ते झालेली पुडी मागून घेतात, घरी आणून हळूच उलगडतात, आणि कागदावर उरलेल्या वळ्या पेन्सिलीने गिरवून ठेवतात. आत वळलेली रेघ एका रंगाने, बाहेर वळलेली दुसऱ्या रंगाने. अशा उलगडलेल्या कागदांवरून एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. वैद्य आणि किराणा दुकानदार जी साधी त्रिकोणी पुडी बांधीत, ती आरंभी सांगितलेल्या पेल्याहून फारशी निराळी नाही. पेल्याची मागची पाकळी मागे न वळविता तोंडावरून पुढे आणावी आणि पुढच्याच खिशात खोचावी, की पेला मिटतो आणि पुडी होते. जिरावण मात्र त्याआधी भरून घ्यावयाचे.