घोडा पोटाखाली!

ठासणीची बंदूक म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो नळीच्या बाजूला मान वर काढून उभा असलेला घोडा. अंडरहॅमर बंदुकीत तो वरून दिसतच नाही. तो असतो नळीच्या खाली, चापाच्या जरा पुढे. चाप ओढला की खालून वर उसळतो आणि टोपीवर आदळतो. फरक म्हणाल तर एवढाच. पण या बंदुकीची गंमत, हुशारी आणि धोका, तिन्ही गोष्टी याच एका फरकातून निघतात.

एका पट्टीत दोन कामं

नेहमीच्या ठासणीच्या बंदुकीचा खटका उघडून पाहिला तर आत पट्ट्या, कड्या, खाचा आणि बारीक स्क्रू यांची दाटी असते. अंडरहॅमरमध्ये घोडा, चाप, स्प्रिंग आणि त्यांना धरून ठेवणारे एक-दोन स्क्रू, इथेच बहुतेक कारभार आटोपतो. अनेक नमुन्यांत तर वेगळी स्प्रिंगसुद्धा नसते. चापाला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती जी लोखंडी कमान असते, तीच लवचिक पोलादाची करायची आणि तिचं टोक घोड्याला टेकवायचं. कमानही झाली, स्प्रिंगही झाली! मला या बंदुकीतली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

आता टोपी. तांब्याची इवलीशी वाटी, आणि तिच्या तळाशी ठोका बसला की भडकणारं रसायन. दिवाळीतल्या टिकलीची ही थोरली बहीणच. ती बसते निपल नावाच्या पोकळ खुंटीवर. बाजूला घोडा असलेल्या पुष्कळ बंदुकांत टोपीची ठिणगी आधी आडवी जाते, मग काटकोनात वळते आणि तेव्हा कुठे दारूला भेटते. अंडरहॅमरमध्ये निपल बहुधा थेट नळीच्या पोटातच आटे पाडून बसवलेलं असतं. ठिणगी सरळ दारूत. वाट आखूड, वळण नाही, त्यामुळे बार झटकन उडतो. शिवाय नेम धरताना नजरेच्या वाटेत घोडा नाही, आणि फुटलेल्या टोपीचे तुकडे व ठिणग्या तोंडाकडे न येता खाली जातात. बेंचवर वजनदार नळी टेकवून कागदी निशाणावर गोळ्या जुळवणाऱ्या अमेरिकी नेमबाजांना ही रचना आजही प्रिय आहे, ती याचमुळे.

पाद्री, सर्जन आणि काठीवाले

ठोक्याने पेटणारी बंदूक सुचली ती एका पाद्र्याला. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फोर्सिथ पाणपक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भडकायची आणि मग आतला बार उडायचा. तेवढ्यात पक्षी लखलखाट पाहून उडून जायचे. फोर्सिथनी ठोक्याने पेटणाऱ्या रसायनावर काम केलं आणि १८०७ साली पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतरची. ती आली आणि घोडा वर, बाजूला किंवा खाली, कुठेही बसवायची मुभा मिळाली.

मुभा मिळताच लोकांनी ती पुरेपूर वापरली. १८२३ साली इंग्लंडमध्ये जॉन डे यांनी चालायच्या काठीत बसेल अशा अंडरहॅमर बंदुकीचं पेटंट घेतलं. अमेरिकेत बुटात खोचायची पिस्तुलं निघाली; वर घोडाच नाही, मग उपसताना कापडात अडकणार काय? बग्गीत ठेवायला आखूड रायफली आल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये ग्राफ्टनच्या ईथन ॲलन यांनी आपल्या अंडरहॅमर पिस्तुलावर चक्क ‘पॉकेट रायफल’ असा छाप मारला. (अमेरिकन क्रांतीतला व्हरमाँटचा सुप्रसिद्ध ईथन ॲलन तो हा नव्हे.) नॉर्वेच्या सैन्याने १८४२ मध्ये स्वीकारलेल्या ‘कामरलाडर’ रायफलीचा घोडासुद्धा पोटाखालीच. ती मात्र ठासणीची नव्हे, मागून भरायची.

माझे सगळ्यात लाडके मात्र बॅरन शार्ल लुई अर्तलू. हे फ्रेंच सर्जन मूत्राशयातला खडा पोट न फाडता आतल्या आत फोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले. जळवा लावण्याऐवजी वापरायचं यंत्रही त्यांनी बनवलं. आणि १८३० च्या दशकात त्यांनी ‘कोप्तिप्तर’ नावाची अंडरहॅमर बंदूक काढली. तिच्यात सुट्या टोप्या नव्हत्या. स्फोटक भरलेली मऊ धातूची लांब नळी पुढे पुढे सरकायची, आणि घोडा आदळताना तिचा एकेक तुकडा कापून पेटवायचा.

विंडसरचा केंडल

अंडरहॅमरचं माहेर म्हणावं तर ते अमेरिकेच्या ईशान्येकडचं न्यू इंग्लंड, आणि काळ १८३० ते १८५० च्या आसपासचा. व्हरमाँट राज्यातल्या विंडसरच्या निकॅनॉर केंडल यांची आख्यायिका तिकडे अजून सांगतात. बर्फावरच्या घसरगाडीत ते होणाऱ्या बायकोबरोबर निघाले होते. पांघरुणाखालून बंदूक ओढताना घोडा अडकला, बार उडाला आणि गोळी तिच्या डोक्याजवळून गेली. त्यानंतर केंडल यांनी ठरवलं की बंदुकीला वर घोडाच नको. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, त्यांच्या कारखान्याच्या अंडरहॅमर रायफली मात्र खऱ्या आहेत आणि आजही संग्राहकांकडे सापडतात.

पुढचा धागा तर थेट आपल्यापर्यंत येतो. केंडल ज्या भागीदारीत होते ती पुढे ‘रॉबिन्स अँड लॉरेन्स’ झाली. तिने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात एकमेकींचे भाग एकमेकींत बसतील अशा रायफली मांडल्या. इंग्रज इतके प्रभावित झाले, की त्यांनी एनफिल्डच्या कारखान्यासाठी याच विंडसरहून यंत्रं मागवली. विंडसरच्या कारखान्याची ती इमारत आता अमेरिकन प्रिसिजन म्युझियम आहे. आणि एनफिल्ड रायफल म्हटल्यावर मराठी वाचकाला १८५७ आठवणारच. ती ठासणीचीच रायफल. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू ओतायची, गोळी ठासायची. काडतुसाला चरबी कशाला? गोळी आटे पाडलेल्या नळीतून सहज सरकावी आणि आत बसलेली काजळी मऊ राहावी म्हणून. असंतोष उसळल्यावर शिपायांना मेण आणि तुपासारखं स्वतःच्या पसंतीचं वंगण लावायची मुभा देण्यात आली, पण तोवर उशीर झाला होता. वंगणाची गरज मात्र आजच्या अंडरहॅमरलाही तेवढीच आहे. मधमाश्यांचं मेण आणि खाद्यतेल यांचं मिश्रण तिथे आजही चालतं.

घोडा खाली, म्हणून सवयी वेगळ्या

इथे मात्र जरा थांबून वाचा.

गुरुत्वाकर्षण इथे सतत काम करत असतं. टोपी खालच्या अंगाला असते, म्हणजे सैल बसली तर गळून पडते. चिमटून बसवण्यापेक्षा निपलला घट्ट बसेल अशा मापाची टोपी घेणं हाच खरा उपाय. टोपी चढवायला बंदूक तिरकी किंवा उलटी करावी लागते, आणि लक्ष निपलकडे असताना नळीचं तोंड भलतीकडे वळतं. तोंड सदैव निशाणाच्या दिशेनेच. पुष्कळ अंडरहॅमरमध्ये घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायची सुरक्षित खाचही नसते. त्यामुळे टोपी चढवायची ती गोळीबाराच्या रेषेवर उभं राहून, बार उडवायच्या क्षणीच. टोपी नाही तर बार नाही, एवढं कुलूप तुमच्या हातात असतं.

तुकडे चेहऱ्याकडे येत नाहीत हे खरं, पण खाली जातात हेही खरं. आधाराचा हात निपलच्या जवळ किंवा खाली ठेवला तर तांब्याचा तुकडा तळव्यात घुसतो. हात पुढे, नळीच्या दस्त्यावर. बेंचवर वाळूची पिशवी घोड्याच्या वाटेत येता कामा नये. चष्मा आणि कानांचं रक्षण हवंच. शेजारी उभ्या असलेल्यालाही.

भरण्याआधी ठासायचा गज नळीत टाकून पाहा. रिकाम्या नळीत तो कुठवर जातो आणि भरलेल्या नळीत कुठवर, या दोन खुणा गजावर कोरून ठेवल्या की आत जुना बार राहिलाय का ते क्षणात कळतं. दारू नेहमी मापात घेऊन ओता. दारूचं शिंगडं थेट नळीला लावायचं नाही, कारण आत एखादा निखाऱ्यासारखा कण शिल्लक असेल तर अख्खं शिंगडं हातात फुटेल. गोळी दारूवर पक्की टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. आणि काळ्या दारूच्या जागी आधुनिक धूरविरहित दारू कधीच नको, चिमूटभरही नको. तिचा दाब या नळ्यांच्या झेपेपलीकडचा असतो.

टोपी फुटली आणि बार उडाला नाही, तर तोंड निशाणाकडेच धरून किमान मिनिटभर थांबा. दारू आत धुमसत असेल तर ती उशिरा पेटते. आपल्याकडे हा छंद परवान्याशिवाय नाही. ठासणीची बंदूकही शस्त्र कायद्याखाली येते.

सातपुड्यातला दुसरा फोर्सिथ

पाद्री फोर्सिथ झाले. आता कॅप्टन जेम्स फोर्सिथ. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतातले हे इंग्रज अधिकारी. १८६२ मध्ये पचमढीला पोहोचले, तिथे बायसन लॉज बांधला आणि सातपुड्याच्या जंगलावर पुस्तक लिहिलं. पण १८६३ साली त्यांनी शिकारी रायफलींवरही एक पुस्तक काढलं होतं. त्यांचं म्हणणं असं: नळीतले आटे जास्त पिळाचे असतील, तर दारू वाढवल्यावर गोल गोळी आट्यांवरून घसरते आणि नेम बिघडतो. म्हणून पीळ मंद ठेवा, आटे उथळ ठेवा, मग भरपूर दारूनेही गोळी सरळ जाईल. १०४ इंचांत एकच फेरा, इतका मंद पीळ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. आधुनिक अमेरिकी अंडरहॅमर रायफलींतही हे आटे पाडलेले आढळतात. सातपुड्याच्या जंगलांशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, त्यांचा हा विचार अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या रायफलीत जिवंत आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो.

धुवायची बंदूक

बंदुकीला पाणी? हो, आणि भरपूर. काळ्या दारूच्या जळण्यातून निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन क्षारांच्या रूपात मागे राहतो. धूरही तोच, नळीतली काजळीही तीच. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड गंजवतात; कोकणासारख्या दमट हवेत तर रातोरात. पण ते पाण्यात विरघळतात, हीच सोय. कोमट पाणी आणि साधा साबण पुरेसा. उकळतं पाणी ओतलं तर नळी लवकर वाळते, पण तापलेल्या ओल्या लोखंडावर गंजाची तांबूस झाक झटकन चढू शकते.

अंडरहॅमरमध्ये सगळं ओघळून साचतं ते निपलपाशी, कारण तीच सगळ्यात खालची जागा. काजळी तिथे, पाणी तिथे आणि आपण प्रेमाने घातलेलं तेलही तिथेच. म्हणून प्रत्येक वेळी निपल काढा, त्याचं भोक तारेने साफ करा आणि आट्यांना वंगण लावून परत बसवा, नाहीतर ते पुढच्या वेळी निघणारच नाही. कमानीच्या खाचेत आणि घोड्याच्या मुळाशी काजळी दडते, तिथेही ब्रश फिरवा. ठेवताना घोडा खाली उतरलेला असू द्या, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. रिकामा घोडा निपलवर आपटायचा खेळ नको. निपलचं तोंड चपटं होतं आणि टोपी बसेनाशी होते.

पुन्हा बार काढायच्या दिवशी आधी कोरडी चिंधी नळीतून फिरवायची, मग दारू न भरता एक टोपी उडवायची, नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताकडे धरून. गवत हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपल पुन्हा काढायचं.